तलम कापडाचा ढगळ शर्ट

कोल्हापूरचा उन्हाळा विदर्भासारखा भाजून काढणारा नसतो आणि कोकणासारखा चिकटही नसतो, असे आपण पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगतो. प्रत्यक्षात तो आधी पहिल्यासारखा वागतो आणि मग दुसऱ्यासारखा. होळी सरली की हवा कोरडी होते, दुपारी पारा ३७-३८ अंशांना टेकतो आणि रस्ते ओस पडतात. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला निघालेली माणसे गुलालात न्हाऊन डोंगर चढतात ती याच कोरड्या उन्हात. मे उजाडला की चित्र पालटते. दुपारनंतर सह्याद्रीच्या बाजूने ढग चढतात, वारा पडतो, वळीव येतो-येतो म्हणत अडून बसतो आणि अंगावरचा घाम वाळायचे नाव घेत नाही. एकाच शर्टाने हे दोन्ही उन्हाळे निभवायचे असतील तर तो कसा असावा, याचा विचार मला दर वर्षी शिवरात्रीच्या सुमारास करावा लागतो, कारण आमच्या घरातले उन्हाळी शर्ट मी शिवते. यजमानांचे, मुलाचे आणि अलीकडे माझे स्वतःचेही.

बाजारातून आणलेला एखादा बरा शर्ट उलटा करून दिवाणावर पसरावा आणि तो कुठे किती पदरी आहे ते बोटांनी चाचपून पाहावे. पाठीच्या वरच्या भागात, जिथे घाम लवकर फुटतो, तिथे योकचे दोन पदर असतात. गळ्याभोवती कॉलरचे दोन पदर, तिच्या पट्टीचे दोन, आणि प्रत्येक जोडीच्या मधे इस्त्रीने चिकटवलेले पेस्टिंग. कॉलर पट्टीवर दुमडून बसते, म्हणजे मानेला लागून चार पदर कापड आणि दोन पदर चिकट अस्तर झाले. छातीवर काजपट्टी, तिच्या शेजारी खिसा, खिशाच्या तोंडाशी पुन्हा दुमड. बाही पूर्ण असेल तर मनगटावर कफ, आणि तिथेही हाच प्रकार. यात शिवणाऱ्याचा दोष नाही. हा शर्ट ज्या मुलखात घडला तिथली हवा थंड होती, त्यावर कोट चढायचा होता आणि टायला आधार द्यायला कॉलर ताठ राहायची होती. आपण कोट सोडला, टाय सोडला, ताठपणा तेवढा ठेवून घेतला.

म्हणून माझ्या उन्हाळी शर्टाचे गणित पदर मोजण्यापासून सुरू होते. जो पदर गाळला तरी शर्ट उभा राहतो तो गाळायचा, आणि जो गाळता येत नाही तो होईल तेवढा तलम करायचा. बोलायला हे सोपे आहे. पण जाड कापडावरची वाकडी टीप खपून जाते आणि पदर कमी केले की प्रत्येक टीप उघडी पडते, त्यामुळे हलका शर्ट शिवायला जड शर्टापेक्षा अधिक वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवते.

कापडाच्या बाबतीत कोल्हापूरकराने तक्रार करू नये, इतके कापड त्याच्या दाराशी विणले जाते. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला, त्या उद्योगाला तिथले जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचे पाठबळ मिळाले, आणि १९०६ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी खुद्द कोल्हापुरात शाहू मिलची स्थापना केली. मिल आता बंद आहे. इचलकरंजीचे माग मात्र चालू आहेत, आणि तिथल्या काही गल्ल्यांतून जाताना शेजारच्या माणसाशी अजूनही ओरडून बोलावे लागते. शहराच्या दुसऱ्या अंगाला गांधीनगरची घाऊक कापडपेठ आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी ती उभी केली. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, त्याच जागी, वळिवड्याच्या परिसरात, पोलंडहून आलेल्या निर्वासितांची छावणी होती. एवढे सगळे जवळ असूनही उन्हाळी शर्टाचे कापड मागायला गेले की दुकानदार हमखास चुकीच्या फळीकडे हात नेतो. महाद्वार रोडवरच्या एका दुकानात मी तलम कॅम्ब्रिक मागितले तेव्हाचा संवाद मला पाठ झाला आहे, कारण थोड्याफार फरकाने तोच संवाद मी दर वर्षी आणि प्रत्येक दुकानात करते.

“ताई, ह्ये अस्तराला जातंय. शर्टाला ह्यात काय दम न्हाई.”

“मला शर्टालाच हवंय, दादा.”

“अंग दिसंल की ह्यातनं. त्यापरास ह्ये टेरिकॉट बघा, इस्त्रीबी लागत न्हाई.”

दुकानदाराचे म्हणणे त्याच्या जागी खरे आहे. आपल्याकडचे खरोखर तलम सुती कापड बायकांच्या ब्लाउजला जाते, कुर्त्याच्या अस्तराला जाते किंवा फुल वायलच्या रूपाने पगडीला जाते. पुरुषांच्या शर्टाच्या फळीवर जे ठेवलेले असते ते ‘दम असलेले’ असते. म्हणून माझा मुक्काम अस्तराच्या आणि टू बाय टू रुबियाच्या फळीसमोर असतो, आणि तिथे मला हवे ते निम्म्या दरात मिळते.

तलमपणा डोळ्यांनी जोखता येतो, पण त्याचा हिशेबही आहे. सुती धाग्याचा नंबर इंग्रजी पद्धतीने मोजतात: ८४० यार्डांची एक लड, आणि एका पौंडात जितक्या लडी भरतील तितका नंबर. ६० नंबरच्या सुताच्या एका पौंडात ६० लडी बसतात, म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम कापसातून सुमारे ४६ किलोमीटर धागा निघतो. हेच सूत उभे आणि आडवे घालून, इंचाला उभे ९२ आणि आडवे ८८ धागे बसवले की जे कॅम्ब्रिक तयार होते त्याचे वजन चौरस मीटरला ७५ ग्रॅमच्या आसपास भरते. ४० नंबरच्या सुताचे नेहमीचे पॉपलीन ११० ग्रॅमच्या पुढे जाते आणि ऑफिसला घालतात ते ऑक्सफर्ड दीडशेच्या घरात असते. ३६ इंची पन्ह्याचे सव्वादोन मीटर कापड धरले तर पहिला शर्ट दीडशे ग्रॅमचा होतो आणि तिसरा तीनशेचा. दुपारी दोन वाजता पंचगंगेच्या पुलावरून दुचाकीने येणाऱ्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

‘सुती आहे ना, मग झालं’ हा समज मात्र मला मान्य नाही. कापूस हवेतला ओलावा धरतो, प्रमाणित हवेत साधारण त्याच्या वजनाच्या साडेआठ टक्के. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून टेरिकॉटच्या, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेल्या सुती कापडाच्या, शर्टाखाली घाम ओघळत राहतो आणि सुती शर्ट तो टिपून घेतो, इथपर्यंत सगळे ठीक आहे. पण गारवा घाम टिपल्याने येत नाही, तो घाम वाळल्याने येतो; एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना अंगातून सुमारे ५८० कॅलरी उष्णता ओढून नेते, आणि ही वाफ जितक्या लवकर होईल तितके अंग निवते. जाड सुती कापड भरपूर घाम पिते आणि तो सोडत नाही, त्यामुळे मे महिन्यात ते ओलेच अंगावर वागवावे लागते. तलम सुती कापडात पाणी राहायलाच जागा कमी, वारा मिळाला की ते वाळते. जाड सुती शर्ट घालून ‘सुती असूनही उकडते’ म्हणणाऱ्यांनी कापडाचे नाव विचारण्याऐवजी ते दाराच्या उजेडात धरून पाहावे. पलीकडे धरलेल्या हाताची बोटे वेगवेगळी दिसली तर कापड कामाचे.

एवढ्यावरून मलमल सर्वांत चांगली असे वाटेल, आणि कोरड्या मार्च-एप्रिलपुरते ते खरे आहे. पण मलमलीच्या सुताला पीळ कमी असतो, म्हणून ती मऊ पडते आणि घामेजली की पाठीला चिकटून बसते. वायलच्या सुताला पीळ भरपूर दिलेला असतो. त्यामुळे तितकीच झिरझिरीत असूनही वायल हाताला किंचित खरखरीत लागते आणि ओली झाली तरी अंगापासून जराशी उभी राहते. आपल्या मे महिन्यासाठी मी वायल किंवा कॅम्ब्रिक घेते. सीअरसकर मिळाले तर त्याहून उत्तम: त्यात उभ्या धाग्यांच्या काही पट्ट्या ताणून आणि काही सैल सोडून विणतात, सैल पट्ट्या फुगून चुणीदार होतात आणि कापड अंगाला जागोजाग टेकते तेवढेच. त्याला इस्त्रीही लागत नाही, म्हणजे टेरिकॉटवाल्याची शेवटची सबबही संपली.

अंग दिसण्याचा प्रश्न उरतोच आणि तो खोटा नाही. त्यावर बनियन हा उपाय मला पटत नाही, कारण एवढे पदर गाळून शेवटी आख्खा एक पदर आतून चढवायचा असेल तर हा खटाटोप कशासाठी? पांढऱ्या सपाट रंगाऐवजी बारीक रेघा, चौकडी किंवा फिका आकाशी रंग घेतला की नजर कापडावर अडते. माझ्या स्वतःच्या शर्टाला मी पुढच्या भागात छातीपुरते त्याच कापडाचे अस्तर लावते आणि पाठ मोकळी ठेवते.

कापड घरी आले की ते लगेच बेतायचे नाही. मागावर उभे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ दिलेली असते, आणि पुढे कापड दुकानात ताठ व भरीव दिसावे म्हणूनही खळ देतात, त्यामुळे तागा हातात घेताना जो पोत वाटतो तो पुष्कळदा कापडाचा नसून खळीचा असतो. मी कापड रात्रभर बादलीत भिजत घालते, सकाळी पाणी पांढरट झालेले दिसते, ते ओतून पुन्हा भिजवते, आणि न पिळता सावलीत वाळत टाकते. साधे सुती कापड मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर आटते. हे आटणे शर्ट शिवण्याआधी उरकून घेतले नाही तर पहिल्या धुण्यात बाही मनगटावरून वर सरकते. काही कापडे खळ गेल्यावर इतकी विरळ निघतात की त्यांचा शर्ट होणारच नाही, आणि ते बेतण्याआधीच कळलेले बरे.

मग कापडाचा आडवा धागा सरळ करून घ्यायचा. कडेशी एक छोटासा काप देऊन आडवा धागा चिमटीत पकडायचा आणि हलकेच ओढायचा. कापडावर चुण्यांची एक ओळ पळत जाते, धागा निघून येतो आणि त्याच्या जागी एक बारीक, स्वच्छ रेघ उरते. त्या रेघेवरून कात्री चालवली की कापडाची कड खऱ्या अर्थाने सरळ होते. बहुतेक वेळा दुकानदाराने फाडून किंवा कापून दिलेली कड आणि ही रेघ यांत दोन-तीन बोटांचा फरक निघतो. जाड कापड हा तिरपेपणा सहन करते. तलम कापडाचा शर्ट मात्र चार धुण्यांनंतर एका बाजूने खाली उतरू लागतो, आणि मग शिंप्याला बोल लावला जातो.

मापाविषयी मला थोडे अधिक बोलायचे आहे, कारण शर्ट थंड राहण्यात कापडाइतकाच वाटा ढगळपणाचा आहे आणि सध्याच्या तरुण मंडळींना ते ऐकायचे नसते. १९८० साली ‘नेचर’ या नियतकालिकात वाळवंटातल्या बेदुइन लोकांच्या झग्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एवढ्या उन्हात हे लोक काळे झगे का घालतात, हा त्याचा विषय होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त ऊन शोषतो हे त्यात दिसलेच. पण झगा ढगळ असल्याने ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोहोचण्याआधीच झग्याखाली खेळणाऱ्या वाऱ्याबरोबर निघून जाते, आणि आतल्या माणसाला काळ्यात आणि पांढऱ्यात सारखीच उष्णता लागते. रंगावर वाद घालणाऱ्या आपल्या घराघरांनी हे लक्षात घ्यायला हवे. ४० इंच छातीच्या माणसाला बाजारात ४३-४४ इंचांचा शर्ट मिळतो. मी तो ४८ इंचांचा बेतते. घेर खाली सरळ सोडते, दोन्ही बाजूंना कट ठेवते आणि शर्ट पँटबाहेर घालायचा हे आधीच ठरवून लांबी दीड-दोन इंच कमी करते. चालताना हा शर्ट हलतो, हलला की आतली दमट हवा खालून आणि गळ्यातून बाहेर पडते.

ढगळ म्हणजे गबाळा, ही भीती खांद्यामुळे खरी ठरते. तीरा, म्हणजे एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंतची रुंदी, योग्य मापाचा असेल तर खालचा घेर कितीही सोडला तरी शर्ट नीट दिसतो. तीराच उतरला की सगळा शर्ट दुसऱ्याकडून मागून घेतल्यासारखा वाटतो. आमच्या पेठेतले एक वयस्क शिंपी, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, नेहमी सांगतात, “वहिनी, तीरा माणसाचा बेतायचा आणि घेर वाऱ्याचा.” बाहीच्या बाबतीतही त्यांचेच ऐकून मी वरची गोलाई उथळ ठेवते. खोल गोलाईची बाही हात खाली सोडून उभ्या माणसावर सुरेख दिसते, पण त्याने हात वर केला की शर्ट कमरेपासून वर ओढला जातो आणि काखेत आवळतो. उथळ गोलाईच्या बाहीला हात खाली असताना काखेत दोन चुण्या पडतात, आणि त्या पडू द्याव्यात.

करवीर-पन्हाळ्याच्या गावांतून बाजाराला येणारे वयस्क शेतकरी अजून नेहरू शर्ट घालतात. ज्याला बेत शिकायचा आहे त्याने तो एकदा निरखून पाहावा. जुन्या पद्धतीच्या सदऱ्यात जवळजवळ सगळे तुकडे सरळ चौकोनी असतात, घेरासाठी बाजूला कळ्या घातलेल्या असतात आणि काखेत एक लहानसा चौकोनी तुकडा तिरपा बसवलेला असतो, जेणेकरून खुरपताना किंवा बैल आवरताना हात कुठेही गेला तरी शिवण उसवू नये. कापड वाया जात नाही, खांद्यावर जोड नाही, गळ्याला कॉलर नाही. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या अंगावर हा बेत कित्येक पिढ्या टिकला, याचे श्रेय शहरातल्या आम्ही लोकांनी त्याला कधी दिले नाही. माझ्या मुलाच्या शर्टात मी काखेचा तो चौकोन घालू लागले तेव्हा त्याच्या मित्रांना ती नवी फॅशन वाटली.

बेतण्यात फार काही सांगण्यासारखे नाही. तलम कापड टेबलावर घसरते, म्हणून ते जमिनीवर चादर अंथरून तिच्यावर पसरावे, बारीक टाचण्या माया, म्हणजे शिवणीसाठी जादा कापड, सोडलेल्या भागातच टोचाव्यात आणि कात्री नुकतीच धार लावलेली असावी. योक मी एकपदरीच ठेवते. एकपदरी योकचा खांदा कालांतराने ताणला जातो, त्यावर तोडगा कापडाच्या किनारीत असतो: कापडाची मूळ किनार अर्ध्या इंचाच्या पट्टीएवढी कापून खांद्याच्या शिवणीत आतून धरायची. किनार घट्ट विणलेली असते, ती ताणत नाही, आणि एरवी ती कचऱ्यातच गेली असती.

मशीनवर बसण्यापूर्वी सुई बदलावी लागते. घरच्या पायमशीनला सहसा १६ नंबरची सुई लावलेली असते. तिने वायल शिवली तर टिपेच्या दोन्ही बाजूंना भोके दिसतात आणि मधला धागा ओढला जाऊन कापड आक्रसते. मी ११ नंबरची लावते, क्वचित ९ ची, आणि दोरा सुतीच पण बारीक घेते. वरचा ताण थोडा सैल करते आणि इंचाला १२ ते १४ टाके बसतील अशी टीप ठेवते. तरीही सुरुवातीच्या टाक्यांना तलम कापड सुईबरोबर खालच्या भोकात ओढले जाते. त्यावर दोन उपाय आहेत आणि मी दोन्ही करते: दोन्ही दोऱ्यांची टोके मागे धरून पहिले टाके घालायचे, आणि कापडाखाली वर्तमानपत्राची अरुंद पट्टी ठेवायची. टीप झाल्यावर कागद भोकांच्या रेषेवर अलगद फाटून येतो. छपाईची शाई पांढऱ्या कापडाला लागू नये म्हणून पट्टी कोऱ्या कडेची घ्यावी.

शिवण कोणती घालायची, यावर माझे मत पक्के आहे. इंटरलॉक नको. कापलेल्या कडेवर दोऱ्याचे जाळे घालून ती झाकण्याची ही पद्धत झटपट आहे, पण तो दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो आणि घामेजलेल्या काखेला तोच सर्वांत आधी टोचतो. शिवाय झिरझिरीत कापडातून ते जाळे बाहेरून दिसते. बाजूच्या शिवणींना मी फ्रेंच शिवण घालते. आधी कापडाच्या उलट बाजू समोरासमोर ठेवून, म्हणजे शिवण बाहेर येईल अशी, कडेला अरुंद टीप मारायची. मग माया तीन मिलिमीटर राहील इतकी छाटायची, कापड उलटवून ती कड आत दाबायची आणि उलट्या बाजूने दुसरी टीप मारून तिला कायमचे कोंडून टाकायचे. माया छाटताना हात आखडता घेतला तर नंतर दुसऱ्या टिपेतून दशा डोकावतात आणि त्या कितीही कापल्या तरी पुन्हा येतात. काखेच्या वळणावर हे काम जिकिरीचे असते. तिथे बाही आधी सपाट असतानाच मुंढ्याला, म्हणजे शर्टाच्या बाहीच्या भोकाला, जोडून घ्यावी आणि मग घेरापासून बाहीच्या टोकापर्यंत बाजूची शिवण एका दमात घालावी. संपलेला शर्ट उलटा केला तरी आत एकही उघडी कड सापडू नये, एवढी माझी स्वतःकडून अपेक्षा असते.

कॉलरसाठी मी पेस्टिंग वापरत नाही. पेस्टिंग म्हणजे पाठीवर चिकट थर असलेले कापड. इस्त्रीच्या उष्णतेने तो थर वितळून कॉलरच्या कापडात बसतो आणि त्यासोबत कापडाच्या विणीतली भोकेही बुजतात. मानेला घाम येतो तिथेच वाऱ्याची वाट बंद होते. त्याऐवजी मी त्याच वायलचा किंवा जुन्या धुतलेल्या मांजरपाटाचा एक तुकडा कॉलरच्या आत नुसता शिवून धरते. अशी कॉलर ताठ राहत नाही, तिला किंचित लवचीक बाक येतो, आणि बँकेत काम करणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना ती ‘पडलेली’ वाटते. ज्याला कॉलरशिवाय चालते त्याने नुसती उभी पट्टी लावावी किंवा गळ्याला उरेब, म्हणजे तिरपी कापलेली, पट्टी फिरवून विषय संपवावा. यजमानांना कॉलर लागतेच.

त्यांना खिसाही लागतो. खिसा नसलेला शर्ट कोल्हापुरात शर्ट मानला जात नाही, आणि खिशात मोबाइल, चष्मा, पेन व दोन पावत्या ठेवल्या की तलम कापडाचा पुढचा भाग लोंबतो. बऱ्याच वादावादीनंतर आमच्यात असा तोडगा निघाला की खिसा छातीवरून उतरून बंडीसारखा बाजूच्या शिवणीत जाईल. तिथे तो शर्टाचा आकार बिघडवत नाही आणि छातीवरचा एक पदरही वाचतो. हा शर्ट कारखान्यात घालून जाऊ का, असेही त्यांनी विचारले होते. ते शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओतकामाच्या कारखान्यात तपासणीचे काम करतात. मी नको म्हटले. भट्टीजवळ सुती कापडच हवे हे खरे, कारण पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते आणि सुती तसे करत नाही. पण तिथे दाट विणीचे जाड सुती लागते. तलम सुती ठिणगीने क्षणात पेटेल.

काजे मी गल्लीतल्या काज-बटणवाल्याकडून करून घेते, फक्त प्रत्येक काजाच्या जागी आतून कापडाचा बारीक तुकडा धरून देते, नाहीतर मशीनच्या दाट टाक्यांनी तलम कापड गोळा होते. बटणे हलकी असावीत, १८ लाइनची, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरच्या जवळपास. जाड बटणाच्या वजनाने पट्टी पुढे झुकते.

असा शर्ट किती टिकतो, हा प्रश्न मास्तर मला दर वेळी थट्टेने विचारतात. जाड कापडाइतका तो टिकत नाही, हे मान्य करायला काही हरकत नाही. पण धोपटण्याने आपटला नाही, उन्हात तासन्‌तास ताणून वाळवला नाही आणि कांजीचा मोह टाळला, तर तो तीन-चार उन्हाळे सहज काढतो. सुती धागा ओला असताना कोरड्यापेक्षा मजबूत असतो, त्यामुळे रोज धुण्याने त्याचे फारसे बिघडत नाही. त्याला विरवते ती घासण, आणि घासण सगळ्यांत जास्त कॉलरच्या दुमडीवर, दाढीच्या खुंटांशी. बाकीचा शर्ट धड असताना तेवढी एक रेघ फाटते. पूर्वीचे शिंपी अशी कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा लावून देत, आणि विरलेली बाजू खाली जाऊन शर्टाला आणखी दोन वर्षे मिळत. आता हे काम कोणी मागत नाही आणि कोणी करतही नाही. मी कॉलर पट्टीत बसवताना आतली बाजू मशीनने न शिवता हाताने बारीक टाके घालून बंद करते, म्हणजे उसवताना कापडाला कात्री लागत नाही. कॉलरच्या दोन्ही बाजू एकाच धाग्याच्या दिशेने बेतते, आणि रेघांचे कापड असेल तर खालच्या बाजूच्या रेघाही वरच्यांशी जुळवून घेते. त्या कोणाला दिसणार नाहीत असे मुलगा म्हणतो; तिसऱ्या उन्हाळ्यात त्याच वर येणार आहेत, हे त्याला अजून ठाऊक नाही.